क्लायंटकडे रुजू होताना: कपडे, टाइमशीट आणि बेंच

आयटी कन्सल्टिंगमध्ये ड्रेसकोड आपल्या कंपनीचा चालत नाही, क्लायंटचा चालतो. नवा प्रोजेक्ट मिळाला की तिथे आधीपासून बसणाऱ्या सहकाऱ्याला मी दोन गोष्टी विचारतो: क्लायंटचा मॅनेजर मीटिंगला काय घालून येतो आणि शुक्रवारी काय घालतो. ‘बिझनेस कॅज्युअल’ एवढ्या उत्तरावर भागत नाही. बँकेत त्याचा अर्थ ब्लेझर होतो, स्टार्टअपमध्ये जीन्स.

मग क्लायंटपेक्षा एकच पायरी वर राहायचं. ते टी-शर्टमध्ये असतील तर आपण कॉलरचा शर्ट, ते शर्टमध्ये असतील तर ब्लेझर. दोन पायऱ्या वर गेलात की लोक हातचं राखून बोलतात, आणि रिक्वायरमेंट समजून घ्यायला आलेल्याला ते परवडत नाही. आयबीएमने १९९५मध्ये, लू गर्स्टनर प्रमुख असताना, सूट आणि पांढऱ्या शर्टाचा आग्रह सोडला तो याच विचाराने. ग्राहकाचा मान राखायचा म्हणून त्याच्यासारखे कपडे, असा मूळ हेतू. पुढे ग्राहकांचा पेहराव बदलला आणि नियम तेवढा मागे राहिला होता.

चार दिवसांच्या दौऱ्याला पाच शर्ट, दोन पँट आणि एक ब्लेझर पुरतो. पाचवा शर्ट कॉफी सांडली तर. शर्ट घेताना मी आधी खांदा बघतो. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी बसली पाहिजे. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा चुकला तर बाही उसवून अख्खा मुंढा नव्याने बसवावा लागतो आणि तरी तो ओढल्यासारखा दिसतो. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज जावीत. व्हिडिओ कॉल असेल तर बारीक रेघांचा शर्ट नको: रेघा कॅमेऱ्याच्या पिक्सेलशी जुळत नाहीत, कापडावर लाटा हलताना दिसतात आणि बघणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं. चामडी बूट रोज एकच जोड घालू नये. आतली ओल सुकायला पूर्ण दिवस जातो.

कपड्यांचं काम पहिल्या तासापुरतं. वर्षाअखेरच्या रेटिंगमध्ये बघतात युटिलायझेशन, म्हणजे उपलब्ध तासांपैकी बिल झालेले तास. आठवड्याच्या ४० तासांपैकी ३२ बिल झाले तर ८० टक्के. म्हणून टाइमशीट, म्हणजे कोणत्या प्रोजेक्टवर किती तास गेले त्याची नोंद, रोज संध्याकाळी भरायची. शुक्रवारी आठवून भरली की मंगळवारचे दोन तास हमखास हरवतात, किंवा चुकीच्या प्रोजेक्ट कोडवर पडतात आणि इन्व्हॉइस अडकतं. क्लायंटने तोंडी सांगितलेलं जादा कामही त्याच दिवशी मेल करून कळवावं. करारातल्या कामाच्या यादीत ते नसेल तर त्याचे तास बिल होत नाहीत.

बेंचवर, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना, बसायची भीती सगळ्यांनाच असते, मात्र हालचाल फार उशिरा होते. प्रोजेक्ट संपायला सहा आठवडे असतानाच मी रिसोर्स मॅनेजरला (कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर पाठवायचं ते बघणाऱ्याला) शेवटची तारीख कळवतो, सीव्हीत या प्रोजेक्टच्या तीन ओळी घालतो (काय बांधलं, कशात बांधलं, क्लायंटचं काय सुधारलं) आणि आधीच्या दोन मॅनेजरना फोन करतो. पुढचं काम बहुतेक वेळा या फोनांतूनच मिळतं, कारण टीम उभी करणारा मॅनेजर मोकळ्या लोकांची यादी उघडण्याआधी ओळखीचं नाव आठवतो.