महाग कोण?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आठवणी लिहून मागणारं पत्र आलं त्या दिवशी माझ्यापुढे एका वार्षिक अहवालाचं भाषांतर पडलं होतं आणि मुदत दुसऱ्याच दिवसाची होती. पत्र वाचून बाजूला ठेवलं, कामाला लागले आणि दहाव्या मिनिटाला कपाटाच्या वरच्या खणातून जोडीची वही काढून बसले.

इंग्रजीच्या सरांच्या हाताखालून गेलेल्यांना जोडीची वही म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. डाव्या पानावर एक नाम लिहायचं आणि उजव्या पानावर त्याच्याशी जमणारी विशेषणं आणि क्रियापदं. अर्थ लिहायला बंदी. "अर्थ शब्दकोशात आहे, तो कुठे पळून जात नाही. शब्दाची सोयरीक कोणाशी जुळते ते लिहा," असं सर म्हणायचे.

खो-खोचा संघ, गॅदरिंग, ग्रंथालयाच्या बाई यांच्याबद्दल इतर लिहितीलच. मी सरांवरच लिहिणार, त्यातही एका वाक्यावर.

नववी-ब, जिन्याखालचा वर्ग, सहामाहीनंतरचे दिवस. निबंधात मी लिहिलं होतं, 'द प्राइस ऑफ धिस बुक इज व्हेरी एक्स्पेन्सिव्ह.' व्याकरणात कुठे खोट नव्हती. सरांनी वाक्य खोडलं नाही, समासात दोनच शब्द लिहिले: 'महाग कोण?' काही उमगेना म्हणून वही घेऊन टेबलापाशी गेले.

"सर, पुस्तक महाग."

"आणि किंमत?"

"किंमत... जास्त."

"'किंमत महाग आहे' असं मराठीत म्हणशील का गं?"

"नाही सर."

"मग इंग्रजीवरच का राग काढलास?"

वर्ग हसला. माझे कान तापले. सरांनी खडू माझ्याच हातात दिला आणि फळ्यावर मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे वस्तू, उजवीकडे किंमत. वस्तू एक्स्पेन्सिव्ह किंवा चीप. किंमत हाय किंवा लो. एक्स्पेन्सिव्हच्या पोटात किंमत आधीच बसलेली आहे, तिला पुन्हा बाहेरून आणून जोडायची नाही. मग वर्गातून एकेक शब्द यायला लागले. कोणी 'रीझनेबल' म्हणालं, कोणी 'स्टीप'. स्टीप म्हणजे उभा चढ, तो किमतीच्या खाली. 'अफोर्डेबल' दोन्ही रकान्यांत चालतो हे कळल्यावर सर म्हणाले, "हा दोन्ही घरी जेवणारा." 'एक्झॉर्बिटंट'वर ते विशेष खूश झाले. लॅटिनमध्ये ऑर्बिटा म्हणजे गाडीच्या चाकांची वाट, आपली चाकोरी. चाकोरी सोडून गेलेली किंमत ती एक्झॉर्बिटंट. तास संपल्याची घंटा झाली, गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले आणि चक्क दारातूनच ऐकत राहिले. त्या दिवशी आमचं भूमितीचं प्रमेय बुडालं. कोणाचीच तक्रार नव्हती.

त्याच दिवशी हेही कळलं की 'किंमत किती?' याचं जसंच्या तसं 'हाऊ मच इज द प्राइस' करायचं नाही. 'हाऊ मच इज इट' तरी म्हणावं, नाही तर 'व्हॉट इज द प्राइस'.

माझ्या वहीत 'प्राइस'ने पुढे सात पानं खाल्ली आहेत. 'राइज' आणि 'रेझ' यांची गल्लत आम्ही सगळेच करायचो. सरांनी ती वाढणे आणि वाढवणे एवढ्यावर मिटवली. किमती राइज होतात, त्या रेझ कोणीतरी करावं लागतं. चढउताराच्या पानावर सर आधी मराठी शब्द मागायचे. भाव वधारले, कडाडले, घसरले, गडगडले, कोसळले, असे आम्ही ओरडायचो. मग म्हणायचे, आता इंग्रजीतली चित्रं बघा. 'क्रीप अप' म्हणजे पावलाचा आवाज न करता चढणं, 'सोअर' म्हणजे घारीसारखं उंच जाणं, 'प्लंज' म्हणजे थेट बुडी. 'प्लमेट'च्या मुळाशी शिसं आहे, गवंड्याच्या ओळंब्याचं. तेव्हापासून किमती प्लमेट झाल्या असं वाचलं की मला दोरीला लटकलेला ओळंबाच दिसतो.

सगळ्यांत आवडती जोडी मात्र 'फेच अ प्राइस'. लिलावात चित्राला मोठी किंमत आली, असं आपण म्हणतो. किंमत आपल्या पायांनी चित्राकडे चालत येते. इंग्रजीत चित्रच उठून जातं आणि किंमत घेऊन येतं. हे सरांनी सांगितलं तेव्हा आम्ही नुसते हसलो होतो. यातली गंमत कळायला मला बरीच वर्षं लागली.

'चीप'वर त्यांनी एक अख्खा ऑफ तास घालवला होता. हा शब्द मुळात सौद्याचा, बाजाराचा. लंडनमधल्या चीपसाइड या रस्त्याच्या नावात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. पुढे शब्द स्वस्त झाला आणि मग हलकाही झाला. म्हणून कोणाच्या वस्तूला चीप म्हणण्याआधी विचार करा, 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हटलं तर कोणी दुखावत नाही. प्राइस, प्राइझ आणि प्रेझ हे तिन्ही लॅटिनमधल्या एकाच शब्दापर्यंत जातात, हेही त्याच तासाला ऐकलं.

पुढे एम.ए.ला जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाचं नाव भेटलं. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, अशा अर्थाचं त्याने १९५७ साली लिहिलं आहे; अशा जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. प्राध्यापक समजावत होते आणि मी मनात म्हणत होते, हे तर जिन्याखालच्या वर्गात झालंय.

आज आर्थिक मजकुराचं भाषांतर हाच माझा व्यवसाय आहे. दोन्ही दिशांनी करते आणि, थोडा मोठेपणा घेऊन सांगते, नव्या भाषांतरकारांचे मसुदे तपासायला माझ्याकडेच येतात. त्यांत मला सरांचेच प्रश्न दिसतात. 'इन्फ्लेशन फेल' याचं 'किमती उतरल्या' असं भाषांतर कोणीतरी करतंच. महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असं नाही. त्या चढतच असतात, वेग तेवढा मंदावलेला असतो. 'बाय' आणि 'टू' यांचंही तेच. दर दोन टक्क्यांनी वाढला आणि दर दोन टक्क्यांवर गेला, यांत जमीन-अस्मानाचा फरक. एकदा ही चूक माझ्याच हातून छापायला जाता जाता राहिली. तेव्हापासून मसुद्याच्या समासात मीही लिहिते: 'उतरलं कोण?' मुलं गोंधळतात, मग हसतात.

जिन्याखालचा वर्ग आता संगणक कक्षात गेला असं ऐकलं. असो. पण हल्ली फोनच पुढचा शब्द सुचवतो. सुचवलेला शब्द बहुतेक वेळा बरोबर असतो आणि म्हणूनच तो का बरोबर, हे कोणी विचारत नाही. 'पे द प्राइस' आणि 'किंमत मोजणे' या दोन्ही भाषांत शिक्षाच का लपलेली असते, यावर फोन ऑफ तास घेत नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा मी परगावी होते, परीक्षा चालू होती. पत्र पाठवीन म्हटलं आणि राहिलं. ते पत्र शेवटपर्यंत लिहून झालं नाही.

समितीने प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागवल्या आहेत. वही सोबत पाठवते आहे, प्रदर्शनानंतर परत मिळावी. तेविसाव्या पानावर 'फेच'च्या ओळीवर निळी शाई सांडलेली आहे. ती मी सांडलेली नाही. शिकवण्याच्या भरात सरांचा हात दौतीला लागला होता.