नवं मेक्सिकन हॉटेल: आधी टॉर्टिया बघा

शहरात नवं मेक्सिकन हॉटेल उघडलं की बहुतेक टेबलांवर एकच ऑर्डर दिसते: नाचोज आणि बरीटो. दोन्ही पदार्थांत वाईट काही नाही, पण स्वयंपाकघराला काय येतं ते त्यांतून कळत नाही. नाचोजचे चिप्स पाकिटातले असू शकतात. बरीटोत भात, राजमा, चीज, सावर क्रीम एकत्र गुंडाळलं की कुणाचाही दोष झाकला जातो. पहिल्या खेपेला दोघांत साध्या सारणाचे तीन-चार मक्याचे टाको (टॉर्टिया म्हणजे पातळ पोळी, तिच्यात सारण घातलं की टाको), असतील तेवढे साल्सा म्हणजे चटण्या, एक वाटी बीन्स आणि एक पेय मागवा. पोट भरायला कमी वाटलं तर मग पुढचं बघता येतं.

टाको आला की आधी सारण बाजूला करून नुसती टॉर्टिया खा. मक्याची खरी टॉर्टिया निक्स्तामाल केलेल्या, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची असते. १ किलो सुका मका, साधारण १० ग्रॅम खायचा चुना आणि अडीच-तीन लिटर पाणी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी चोळून सालं धुवून काढायची आणि ओलं दळायचं. त्या पिठाला मासा म्हणतात. चुन्यामुळे साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, म्हणून मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार पसरला.

दुकानातलं साधं मक्याचं पीठ वापरलं की फसवणूक लगेच उघडी पडते. मक्याची भाकरी जशी कडेला तडकते तशी ती टॉर्टिया घडीवर मोडते, आणि मग ती मोडू नये म्हणून त्यात मैदा घातला जातो. चांगली टॉर्टिया घडी घातली तरी चिरत नाही, तिला भाजक्या मक्याचा आणि किंचित ओल्या चुन्याचा वास येतो, अंगावर तपकिरी डाग असतात. ३० ग्रॅमचा गोळा, १४-१५ सेंटिमीटर व्यास, कडक तापलेला तवा: पहिली बाजू १५-२० सेकंद, दुसरी पाऊण ते एक मिनिट, पुन्हा उलटली की फुगते. तवा मंद असेल तर ती फुगण्याआधीच सुकते आणि चामट होते. तयार सुक्या मासा-पिठाची टॉर्टिया वास थोडा कमी देते, पण ती चालते. हजारो मैलांवर ओलं दळण कुणी केलंच पाहिजे असा हट्ट नको. गव्हाची टॉर्टिया म्हणजे नकली, असंही नाही. सोनोरा, चिवावा या उत्तरेकडच्या राज्यांत तीच रोजची आहे.

साल्सा चिप्सवर चाखू नका, चिप्सचं मीठ जीभ फसवतं. टॉर्टियाच्या तुकड्यावर एक थेंब पुरे. लाल साल्सात टोमॅटो आणि मिरची भाजलेली असेल तर त्यात काळे कण दिसतात. आधी गोड आणि मग व्हिनेगर लागला तर बाटली उघडली आहे असं समजा. हिरवा साल्सा तोमातियोचा, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या आंबट हिरव्या फळाचा. आपल्याकडे हे फळ ताजं सहसा मिळत नाही, म्हणून कच्चे टोमॅटो आणि लिंबू वापरतात. विचारलं तर प्रामाणिक शेफ सांगतोच. ग्वाहियो या सुक्या मेक्सिकन मिरचीऐवजी ब्याडगी घातली तर रंग आणि सौम्यपणा बराच जमतो. आंचोची, म्हणजे सुकवलेल्या पोब्लानो मिरचीची, मनुकेसारखी गोडी मात्र ब्याडगीत नाही. जिऱ्याचा वास सगळीकडून यायला लागला तर हॉटेल टेक्ससच्या वळणाचं आहे. तेही खावं, फक्त अपेक्षा बदलून.

आल पास्तोर, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या टाकोसाठी, नजर उभ्या सळईवर, म्हणजे त्रोंपोवर ठेवा. पुएब्लात आलेल्या लेबनीज स्थलांतरितांच्या शावर्म्यातून हा प्रकार घडला. ग्वाहियो, आचिओते (शेंदरीच्या बिया) आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस, वर अननस. आपल्याकडे बहुधा चिकन मिळतं. कापणारा फक्त बाहेरचा कुरकुरीत थर पातळ सोलतो आणि आतला ओला थर पुन्हा आचेसमोर येतो. नव्या हॉटेलात गिऱ्हाईक कमी असेल तर सळई तासन् तास फिरत राहते आणि बाहेरचं मांस काष्ठ होतं. म्हणून पास्तोर गर्दीच्या संध्याकाळीच मागवा, निवांत दुपारी नको. सळईच नसेल तर येतं ते तव्यावर परतलेलं मसालेदार मांस, मेनूवर नाव काहीही असो.

शाकाहारी मंडळींनी, विशेषतः अमेरिकेत, मेनूवरच्या शब्दावर विसंबू नये. घोटलेल्या बीन्समध्ये मांतेका म्हणजे डुकराची चरबी असू शकते, लाल भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. हे दोन प्रश्न थेट विचारा. मागवायला पर्याय बरे आहेत: पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि क्रीमचे राहास, निवडुंगाचे नोपालेस, भोपळ्याच्या फुलांची केसाडिया (सारण भरून दुमडलेली टॉर्टिया). मोले या मिरची-मसाल्यांच्या दाट सॉसमध्ये बहुधा चिकनचं पाणी असतं, शिवाय तीळ, शेंगदाणे, बदाम असू शकतात, तेव्हा ॲलर्जी असणाऱ्यांनी जपावं. मोले चॉकलेट सॉससारखा गोड लागला तर तो बिघडला आहे.

ग्वाकामोलेच्या (अवोकाडोच्या चटणीच्या) कडेला पाणी सुटलेलं दिसलं तर टोमॅटो आणि मीठ आधीच घालून ठेवलं आहे. क्रीमसारखं गुळगुळीत असेल तर त्यात दुसरं काही मिसळलंय का ते विचारा.

पेयांत हमायका घ्या; ती आपल्याच लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या सुकवलेल्या लाल आवरणांची असते आणि आधी आंबट-तुरट लागायला हवी. नुसती गोड असेल तर सिरप. गोडाधोडाचं पहिल्या खेपेला राहू द्या.

उरलेलं घरी न्यायचं तर भरलेले टाको बांधून घेऊ नका, अर्ध्या तासात टॉर्टियाचा लगदा होतो. सारण आणि टॉर्टिया वेगळी मागा. घरी टॉर्टियाला पाण्याचा हात लावून तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका आणि फडक्यात गुंडाळा. मायक्रोवेव्हमध्ये ती आधी मऊ पडते आणि पाच मिनिटांत रबर होते.