आईचं अक्षर आणि दोन ठिपके

माझ्या डाव्या मनगटावर ‘आई’ या अर्थाचं चिनी अक्षर आहे, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात चीनहून आलेल्या एका माणसाने ते वाचलं, तेव्हा कळलं की तिथे ‘आई’ नाही.

परवा माझ्या मामेबहिणीच्या मुलीने फोनवर विचारलं, “मावशी, मला चिनी अक्षर गोंदवून घ्यायचंय. काढू का?” तिला घाईत काहीबाही सांगितलं. नीट सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते.

आई २०१२ च्या श्रावणात गेली. आम्ही दांडिया बाजारातले. चार पिढ्या बडोद्यात, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती. वर्षश्राद्ध झालं आणि मला वाटायला लागलं की तिची एखादी खूण अंगावर असावी. मराठीत ‘आई’ काढलं असतं तर रोज कुणीतरी त्याबद्दल बोललं असतं, आणि त्या दिवसांत तिचा विषय निघाला की मला बोलता यायचं नाही. म्हणून आमच्या गल्लीत कुणाला वाचता येणार नाही अशी लिपी हवी होती. लोक चिनी टॅटू फॅशन म्हणून काढतात असं सरसकट म्हटलं जातं. माझ्यापुरतं ते खरं नव्हतं, आणि इतरही बऱ्याच जणांच्या बाबतीत नसावं.

शहरातल्या एका टॅटूच्या दुकानात गेले. प्लास्टिकच्या फाइलीत त्रिशूळ, डमरू, विंचू, मोरपीस आणि शेवटी दोन पानं चिनी अक्षरांची. एका पानावर इंग्रजी एपासून झेडपर्यंत प्रत्येक अक्षरासमोर एकेक चिनी आकृती होती. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा त्यातूनच मैत्रिणीच्या नावाचं आद्याक्षर काढून घेत होता. आता मला माहीत आहे की तो तक्ता मुळातच खोटा. चिनीत मुळाक्षरं नाहीत. तिथे एकेक अक्षर म्हणजे एकेक पूर्ण उच्चार, आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःचा अर्थ. अशी हजारो अक्षरं आहेत. परदेशी नाव लिहायचं तर आवाजाला जवळची दोन-तीन अक्षरं जुळवतात. एला हे आणि बीला ते, असं काही नसतंच. त्या मुलाच्या हातावर काय राहिलं असेल, हा विचार मला अजून छळतो.

दुसऱ्या पानावर शांती, शक्ती, प्रेम, आई. मी बोट ठेवलं. अक्षर लहानच हवं होतं, घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकलं जाईल एवढं. दहा मिनिटांत काम झालं. उंची जेमतेम नऊ मिलिमीटर.

मी कारखान्यात क्वालिटी तपासणीला आहे. प्लास्टिकचा साधा बुच असला तरी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. आणि अंगावर कायमचं राहणारं अक्षर मात्र मी वाचता येणाऱ्या एकाही माणसाला न दाखवता काढून घेतलं. याचं वाईट मला टॅटू चुकल्यापेक्षा जास्त वाटलं.

२०१९ ला आमच्याकडे चीनमधल्या निंगबो शहराहून नवीन इंजेक्शन मोल्डिंग मशीन आलं, वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरणारं. ते बसवायला कंपनीचा माणूस आला, पन्नाशीचा, अबोल. सगळे त्याला इंजिनियरसाहेब म्हणायचे. त्याला इंग्रजी मोजकं यायचं, बाकीचं काम मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपवर. तिसऱ्या दिवशी मी मोल्डचं माप घेत होते, बाह्या वर केलेल्या, घड्याळ काढून ठेवलेलं. त्याने माझ्या मनगटाकडे बोट केलं आणि म्हणाला, “वू?”

मला वाटलं होतं तो ‘मू’ म्हणेल. फाइलीत तसंच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, “मू. मदर.” त्याने मान हलवली, पॅकिंगच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडला, मार्करने शेजारी शेजारी दोन अक्षरं काढली आणि माझ्यासमोर धरली.

दोन्हींची चौकट सारखी, जराशी तिरकी. मधून जाणारी लांब आडवी रेघही सारखी. डावीकडच्या अक्षरात त्या रेघेच्या वर एक ठिपका आणि खाली एक ठिपका. ते ‘मू’, म्हणजे आई. उजवीकडच्यात ठिपके नाहीत; त्यांच्या जागी आडव्या रेघेला छेदून वरपासून खालपर्यंत गेलेली एकच तिरकी रेघ. ते ‘वू’. ॲपवर त्याने अर्थ काढून दाखवला: ‘नको’, ‘करू नये’. जुन्या ग्रंथांच्या भाषेतलं मनाई करणारं अक्षर. मग त्याने रेघा मोजून दाखवल्या. आईच्या अक्षरात पाच, दुसऱ्यात चार.

मी हात उजेडात धरला. काढलं तेव्हा ठिपके दोनच होते, ते मला आठवतं. पण सुई शाई सोडते ती कातडीच्या खालच्या थरात. वरचा थर गळत राहतो, खालचा टिकतो, म्हणून टॅटू टिकतो. पण वर्षांनुवर्षं शाईच्या कडा पसरत जातात. नऊ मिलिमीटरच्या अक्षरात ठिपका आणि रेघ यांच्यात जागा ती किती असणार? वरचा ठिपका खाली उतरला, खालचा वर चढला, आणि दोघांची मिळून एक रेघ झाली. माझ्या मनगटावर आईच्या जागी ‘नको’ तयार झालं होतं, आणि मी ते रोज पाहत होते.

माझा चेहरा त्याने पाहिला असावा. त्याने खिशातून एक नट काढून माझ्या हातात ठेवला आणि ॲपवर काहीतरी लिहिलं. त्यांच्याकडे नटाच्या नावातही हेच ‘मू’ आहे, कारण स्क्रू त्याच्या पोटात बसतो. कोंबडी, गाय अशा माद्यांच्या नावातही हेच. पण हाक मारायला ते कुणी एकटं वापरत नाही. आईला ते ‘मामा’ म्हणतात. आपण ‘मातृ’ एवढंच लिहावं आणि ‘आई’ लिहायचं राहावं, तसं काहीसं. मग त्याने दोन ठिपक्यांवर मार्कर टेकवला आणि जरा संकोचून समजावलं: हे अक्षर ‘स्त्री’ या अक्षरापासून आलं, आणि दोन ठिपके म्हणजे लेकराला पाजणारे स्तन. तो पुठ्ठा मी अजून जपून ठेवला आहे.

संध्याकाळी चहाला मी त्याला विचारलं, तुमच्याकडे आईचं अक्षर अंगावर काढतात का. तो म्हणाला, त्याच्या वयाचा माणूस काढणार नाही. कन्फ्यूशियसच्या परंपरेत शिकवण आहे की शरीर, केस, त्वचा ही आईवडिलांकडून मिळालेली ठेव, तिला इजा करू नये. शिवाय जुन्या काळी तिथे गुन्हेगारांच्या तोंडावर गोंदवायची शिक्षा होती. तरुण मुलं आता काढतात, पण त्याच्या आईला ते चालणार नाही. त्याने हे मला दोष द्यायला सांगितलं नाही. पण ज्यांची लिपी, त्यांच्या मनात त्या कृतीचा अर्थ वेगळा असू शकतो, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

घरी आजीला सांगितलं. तिच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, आता हिरवट निळं झालेलं. ती म्हणायची, मेल्यावर सोबत दागिना येत नाही, गोंदण येतं. माझा हात तिने डोळ्यांजवळ नेला. “अगं, गोंदणारीण ठिपके लांब लांब टाकायची,” ती म्हणाली. “पसरायचंच असतं ते. तुझ्या माणसाला एवढं ठाऊक नव्हतं?”

बाबा म्हणाले, लेझरने काढून टाक आणि विषय संपव. दादा म्हणाला, काढायचंच तर आता मराठीत काढ. मी दोन महिने काहीच केलं नाही. दुकानदारावर राग होता. मी जाऊन दाखवलं तर त्याने फाइल पुढे केली आणि म्हणाला, “बेन, आमां जेवुं छे एवुं ज कर्युं छे.” फाइलीत आहे तसंच केलंय, हे खरंच होतं. पण फाइलीतलं अक्षर पाच सेंटिमीटरचं, माझं एक सेंटिमीटरचंही नाही, आणि एवढं लहान काढू नये हे सांगणं त्याचं काम होतं.

जानेवारी २०२० ला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी कातडीचा रंग पाहिला. काळी शाई तोडायला क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर वापरतात. त्याची १०६४ नॅनोमीटरची लहर आपल्या सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी पांढरा डाग राहण्याचा धोका असतोच, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. लेझर शाई पुसत नाही. शाईच्या कणांचे बारीक तुकडे करतो, आणि ते तुकडे शरीर हळूहळू वाहून नेतं. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे थांबायचं. प्रत्यक्ष काम एका मिनिटाचंही नाही. डोळ्यांवर जाड चष्मा, टक्-टक् आवाज, ताणलेलं रबर कातडीवर सुटावं तशी चटक, केस जळाल्याचा वास. अक्षर क्षणात पांढरं झालं आणि मला वाटलं गेलं. पंधरा-वीस मिनिटांत ते पांढरेपण ओसरलं आणि काळं परत वर आलं. ते तसंच असतं, आधी माहीत असलेलं बरं.

एक सिटिंग झालं, मार्चमध्ये दुसरं झालं आणि लॉकडाउन लागला. मधले सात महिने मी काही करू शकले नाही, पण शरीराचं काम चालूच होतं. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी पाहिलं तर कडा गेल्या होत्या. मध्ये, जिथे ठिपके एकमेकांत मिसळले होते, तिथे फक्त राखाडी सावली उरली होती. आणखी एक सिटिंग केलं आणि थांबले.

त्या वर्षी जूनमध्ये गलवान झालं. शेजारचे एक काका मनगट बघून म्हणाले, चीनचं अक्षर अंगावर कशाला बाळगतेस? त्यांचा संताप मला समजत होता. पण हे अक्षर कुठल्या एका सरकारचं नाही. तीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या लिपीतून ते आलं आहे, तैवानमध्ये तेच लिहितात, जपानीतही आईला तेच. मी काकांना एवढंच म्हटलं की ते माझ्या आईसाठी आहे. पुढे ते बोलले नाहीत.

पुन्हा चिनीतच काढायचं हे मी त्या दोन ठिपक्यांमुळे ठरवलं. ‘आई’ हा शब्द मला मराठीत रोज मिळतो. पाजणाऱ्या आईचं ते चित्र दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं.

या वेळी मी कामावर करते तसं केलं. फाइन आर्ट्सला शिकलेल्या मैत्रिणीने ब्रशने अक्षर काढलं, उंची पंचवीस मिलिमीटर, आडवी रेघ जाड, म्हणजे जुनी राखाडी सावली तिच्याखाली जाईल. तिच्या ओळखीचा एक मुलगा चीनमध्ये एमबीबीएस करून आलेला. वॉर्डात पेशंटशी बोलण्यासाठी त्याला चिनी शिकावी लागली होती. त्याने कागद पाहिला, मग ट्रान्सफर पेपर पाहिला, मग कातडीवर उमटलेला निळा छाप पाहिला, कारण छाप उलटा लागला तर अक्षर आरशातलं होतं. छापाचा फोटो मशीनच्या एजंटमार्फत निंगबोला इंजिनियरसाहेबांना ईमेल केला. वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर तोवर आपल्याकडे बंदी आली होती. टॅटू काढणाऱ्या मुलीने उत्तर येईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, सुई हातात घेतली नाही. मला ती यासाठी फार आवडली. उत्तर दोन शब्दांचं होतं: पाच रेघा.

फेब्रुवारी २०२१ ला काम झालं. त्यानंतर बारा महिने रक्तदान करता आलं नाही; दर वर्षी आईच्या तिथीला मी करते, तेवढं चुकलं.

आता माझ्या भाचीला. तुला ‘प्रेम’ काढायचंय असं म्हणालीस. ते दोन तऱ्हेने लिहितात. तैवान आणि हाँगकाँगच्या जुन्या रूपात मधोमध ‘हृदय’ हे अक्षर आहे. चीनमध्ये १९५६ पासून अक्षरं सोपी केली, त्यात ते हृदय काढून टाकलं. तुला कुठलं हवंय ते फाइल सांगणार नाही, वाचणारा माणूस सांगेल. आधी तो शोध. आणि कुणी चुकलंय म्हणून हसू नकोस. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमच्या हातावर देवनागरीत ‘व्हिक्टोरिया’ हे बायकोचं नाव आहे; स्पेलिंग चुकलं म्हणून इंग्रजी पेपरांनी केवढी टिंगल केली. हिंदीत ‘वि’ लिहितात, पण आपण मराठीत ‘व्हिक्टोरिया’च लिहितो, त्यात चूक काहीच नाही. हसणाऱ्यांनीही कुठल्या मराठी माणसाला विचारलं नव्हतं.

काढलं त्या दिवशी वरचा ठिपका आणि आडवी रेघ यांच्यात दोन मिलिमीटर अंतर होतं. गेल्या आठवड्यात व्हर्नियर लावून पाहिलं, एक पॉइंट सात भरलं.