३.०८ काढून ३.७३ बसवले: ट्रेलर घेऊन आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत

गेल्या जुलैत ट्रेलर घेऊन अमेरिकेतल्या कोलोरॅडोत डेन्व्हरहून फ्रूटाला निघालो, तेव्हा आयडाहो स्प्रिंग्जच्या पुढे गिअरबॉक्सने जीव नकोसा केला. तिसऱ्यात गाडी मंदावायची, दुसऱ्यात आली की इंजिन ४,३०० आरपीएमवर ओरडायचं, जरा वेग आला की पुन्हा तिसरा. मागे झोपलेली मुलगी दर वेळी दचकून उठायची. यंदा तोच रस्ता, तोच ट्रेलर, फक्त ॲक्सलचे गिअर बदललेले. फरक पडला, पण मला वाटलं होतं तिथे नाही.

गाडी २०१४ ची शेवरले सिल्व्हराडो १५०० पिकअप: ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअर, फोर-व्हील ड्राइव्ह. भरलेला ट्रेलर ५,५०० पौंडांचा. जुना ॲक्सल रेशो ३.०८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंतच्या दांड्याचे) ३.०८ फेरे. ३.७३ केल्यावर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ २१ टक्क्यांनी वाढते आणि त्याच वेगाला इंजिनही तेवढंच जास्त फिरतं.

खरी गंमत मधल्या गिअरमध्ये आहे. या गिअरबॉक्सचा दुसरा गिअर २.३६ आणि तिसरा १.५३. जुन्या ॲक्सलसोबत गुणले तर ७.२७ आणि ४.७१, म्हणजे मध्ये मोठी दरी. नेमका त्या दरीतला गिअर लागेल असा चढ या रस्त्यावर, आय-७० महामार्गावर, मैलोन् मैल आहे. नव्या ॲक्सलने तिसरा गिअर ५.७१ वर येतो, त्या दरीच्या साधारण मध्ये. आयडाहो स्प्रिंग्ज ते जॉर्जटाउन या वेळी गाडीने ५५ मैलांच्या वेगाने तिसरा धरून ठेवला, काटा ३,४०० च्या आसपास स्थिर. मुलगी थेट जॉर्जटाउनला उठली, ती भूक लागली म्हणून.

सिल्व्हर प्लूमच्या वरचा शेवटचा चढ मात्र जसाच्या तसा. त्याच्या माथ्यावरचा आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे जवळजवळ एक तृतीयांश गेलेलीच असते. गिअर ओढ वाढवतो, अश्वशक्ती वाढवत नाही. गेल्या वर्षी ४५ ने चढलो, यंदाही ४५ नेच. तिथे वेग वाढवायचा तर दुसरं इंजिन हवं.

उतरताना मात्र पैसे वसूल झाले. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे सहा-सात टक्क्यांचा लांब उतार आहे, ब्रेक फेल झालेल्या ट्रकसाठी बाजूला रॅम्प काढलेत, यावरूनच काय ते समजा. टो-हॉल (ट्रेलर ओढतानाचा गिअरबॉक्सचा मोड) चालू करून, बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच गिअर खाली घ्या. या वेळी इंजिनने गाडी जास्त घट्ट धरली आणि ब्रेकला मी निम्म्याहून कमी वेळा पाय लावला.

तुम्ही करणार असाल तर आधी ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरवर ॲक्सलचा कोड बघा: जीयू४ म्हणजे ३.०८, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३. ३.४२ असेल तर फायदा जेमतेम नऊ टक्क्यांचा, मी तरी खर्च करणार नाही. आठ किंवा दहा गिअरच्या गाडीतही नको, तिथे दऱ्या आधीच बुजलेल्या असतात. मोठे टायर टाकून ओढ घालवली असेल तर मात्र जरूर करा. फोर-व्हील असेल तर पुढचा ॲक्सलही बदलावा लागतो. मला सगळं मिळून २,४०० डॉलर पडले.

गाडी परत मिळाली तेव्हा गॅरेजवाल्यांनी कंप्युटरमध्ये नवा रेशो घातलाच नव्हता. जीपीएसवर ६० असताना स्पीडोमीटर ७२ दाखवत होता, गिअरही चुकीच्या वेळी पडत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ताब्यात घेण्याआधी जीपीएस लावून एक चक्कर माराच, आणि ५०-५५ ला मागून शिट्टीसारखा आवाज येतो का तेही ऐका. गिअरचे दात एकमेकांत नीट बसले नसले की तो येतो.

आणखी एक: दारावरच्या स्टिकरवरची वजनाची मर्यादा गिअर बदलून वाढत नाही. चेसिस, ब्रेक, कूलिंग तेच असतं.

नवे गिअर पहिले ५०० मैल ट्रेलरविना चालवा. सुरुवातीला १५-२० मैल गेलं की थांबून ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्या. ५०० मैलांनी मी तेल काढलं तेव्हा बोटांवर राखाडी, चमचमती भुकटी आली. एवढी भुकटी चालते. खड्यासारखे तुकडे निघाले तर गाडी तशीच परत न्या.