बाळंतिणीचा सव्वा महिना: काय ठेवावं, काय सोडावं

बाळंतीण घरी आली की सगळ्यांचं लक्ष लेकराकडं जातं. दूध ओढलं का, शी केली का, डोळे पिवळे तर दिसत नाहीत ना, हे दिवसातून चारदा विचारलं जातं. आईला मात्र "जेवलीस का?" एवढंच. अंगावरून किती जातंय, लघवीला आग होते का, रात्री लेकरू झोपल्यावर हिला झोप लागते का, हे विचारणारं एक तरी माणूस घरात पाहिजे.

आपल्या मराठवाड्यातली सव्वा महिन्याची पद्धत मुळात चांगली आहे. माहेरचा आधार, गरम जेवण, अंगाला तेल, कामातून सुटका, यातली एकही गोष्ट सोडू नये. पण पाणी तोडणं, बंद खोलीत शेगडी ठेवणं आणि पोट करकचून बांधणं हेही त्याच पद्धतीत शिरलंय. त्यानं बाळंतिणीला अपाय होतो, कधी कधी जिवावर बेततं.

सगळ्यात आधी पाणी. "जास्त पाणी दिलं की पोट सुटतं, टाके पिकतात, लेकराला सर्दी होते" असं म्हणत अनेक घरांत दिवसाला दोन-तीन पेले मोजून देतात, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरातून रोज पाऊण लिटरच्या आसपास दूध जातं, घाम वेगळाच. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, जळजळते, जंतुसंसर्ग होतो. शौचाला खडा होतो, मग जोर द्यावा लागतो, टाके ताणतात आणि मूळव्याध वर येते. टाके पाण्यानं पिकत नाहीत. ते पिकतात अस्वच्छतेनं, ओलसर राहिल्यानं आणि अंगात रक्त कमी असल्यानं.

याहून मोठा धोका गुठळीचा. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून शरीर आधीच रक्त गोठण्याची शक्ती वाढवून ठेवतं, आणि ती साधारण ६ आठवडे तशीच वाढलेली असते. अशा वेळी पाणीही तोडलं आणि बाजेवरून उठूही दिलं नाही, तर पायाच्या किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, हाताला गरम लागली, तर त्या पायाला मालीश अजिबात करू नका. गुठळी सुटून फुप्फुसात जाते. आधी दवाखाना. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या आणि त्यात झटका आला, तर बाहेरचं काही लागलं म्हणून अंगारा लावत बसू नका, १०८ ला फोन करा.

पाण्याचं साधं माप: पाजायला बसताना दर वेळी एक पेला. नवजात लेकरू २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे हिशोब आपोआप जमतो. ओव्याचं, सुंठीचं, कोमट, जसं आवडेल तसं द्या. टँकरचं असेल तर उकळून. लघवी फिकट पिवळी दिसली की पाणी पुरेसं आहे.

आता शेगडी. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा-शेपा, दारं-खिडक्या बंद. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की वास येत नाही, पण झोपेतच माय-लेकराचा जीव घेऊ शकतो. धुरानं लेकराची छाती भरते ती वेगळीच. कंबर शेकायची तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी वापरा. सिझेरियनच्या जखमेवर शेक देऊ नका. खालच्या टाक्यांना पहिल्या दिवशी सुती कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं धरला की सूज उतरते. दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा १०-१५ मिनिटं बसायचं, मग कोरडं टिपायचं. धुताना हात पुढून मागं. पॅड असो की उन्हात कडक वाळवलेलं सुती कापड, दर ४ तासांनी बदलायचं. हे टाके बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरघळतात. गावाकडं उकिडवं बसायचा संडास असतो आणि पहिल्या आठवड्यात तिथं फार त्रास होतो. मेडिकल दुकानात कमोड खुर्ची मिळते, ती थोड्या दिवसांसाठी आणलीच पाहिजे असं माझं मत आहे. बाळंतविड्याच्या खर्चापुढं ती काहीच नाही.

पोट बांधण्याबद्दल मी जरा ठामपणे सांगते. लुगड्याच्या पट्ट्यानं आवळून बांधल्यानं पोट आत जात नाही. गर्भपिशवी स्वतःच आकसते: बाळंतपणानंतर ती बेंबीपाशी लागते, रोज साधारण बोटभर खाली सरकते आणि १०-१४ दिवसांत पोटावरून लागेनाशी होते. पाजताना ओटीपोटात कळा येतात त्या याच आकसण्याच्या, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्त जोरात. वरून करकचून बांधलं की सगळा दाब खाली, आधीच ताणलेल्या ओटीच्या स्नायूंवर जातो. पुढं अंग खाली यायला, म्हणजे गर्भपिशवी योनीत उतरायला, त्यानं मदतच होते. सिझेरियननंतर उठता-बसता आधाराला सैलसर पट्टा चालतो. दोन बोटं सहज आत जायला हवीत, आणि झोपताना तो काढायचा.

सिझेरियन झालेल्या बाईला "पोट फाडलंय, हलू नकोस" म्हणणं चूक आहे. २४ तासांच्या आत, कुणाच्या तरी आधारानं, चार पावलं चालायलाच हवं. उठायची रीत अशी: आधी कुशीवर वळायचं, पाय बाजेखाली सोडायचे, हातानं रेटा देत बसायचं, मिनिटभर थांबून मग उभं राहायचं. खोकला-शिंक आली तर जखमेवर उशी दाबून धरायची. ६ आठवडे लेकरापेक्षा जड काही उचलायचं नाही, म्हणजे कळशीही नाही आणि मोठं लेकरूही नाही. जखम लाल होऊन गरम लागली, पाणी-पू यायला लागला, तर त्याच दिवशी दाखवायचं.

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लालभडक असतं, मग तपकिरी-गुलाबी, दहा दिवसांनंतर पिवळट-पांढरं, आणि चार ते सहा आठवड्यांत थांबतं. कमी होऊन पुन्हा लाल वाढलं तर बहुतेक वेळा काम जास्त झालेलं असतं. एक दिवस पडून राहून बघा. पण तासाभरात पॅड भिजून गेलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, घाण वास आला किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर घरचा काढा देत वाट बघायची नाही. रक्तदाबाचंही तसंच. गरोदरपणात बरोबर होता म्हणून गाफील राहू नका, बाळंतपणानंतर तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात वर चढतो, आणि तोवर बाई घरी आलेली असते. उपकेंद्रात सिस्टरकडून त्या आठवड्यात एकदा तरी मोजून घ्या. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, बरगडीखाली दुखतंय आणि दाब १४०/९० च्या वर आहे, तर लगेच निघा.

आशाताईंच्या घरभेटी ठरलेल्या असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्या लेकराचं वजन करायला येतात असं घरात समजतात. तुम्ही त्यांना आईचंही विचारा, आणि सासूबाई समोर असताना बोलता येत नसेल तर "ताई, जरा आत या" म्हणा.

खाण्यात डिंक, हाळीव, मेथी, खारीक-खोबरं हे सगळं उत्तम. अडचण लाडवाची नाही, बाकीचं तोडण्याची आहे. डाळ वातूळ, भाजी थंड, फळ बाधतं, असं करत ताटात तूप-भाकरी आणि शेपूच उरते. ज्या मुलखात तूर पिकते, तिथंच बाळंतिणीला वरण नाही! पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. तुपातून त्या भागतील, पण जखम भरायला प्रथिनं लागतात. दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध किंवा दही, खाणाऱ्या घरात एक-दोन अंडी, आणि रोज एक पालेभाजी. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा, तेवढेच दिवस. दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, म्हणून मध्ये दोन तास जाऊ द्या. चहाबरोबर लोहाची गोळी नको, लिंबूपाण्याबरोबर चांगली. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर ते तपासत राहा. फार कमी असेल तर शिरेतून लोह देतात आणि त्याचा गुण लवकर येतो.

छातीचं थोडक्यात: तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून छाती दगडासारखी होते. थोडं हातानं काढून मग पाजा, मधल्या वेळात गार फडकं ठेवा. बोंडाला भेग पडते ती बहुतेक पकड चुकल्यानं, लेकराच्या तोंडात बोंडाभोवतीचा काळा भागही जायला हवा. एका बाजूला लाल कडक चट्टा आणि ताप आला तर औषध घ्यायचं, पण पाजणं थांबवायचं नाही. दूध तुंबलं की गळू होतो. दोन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, ते वर्षभरात परत येतात.

मनाचं दुखणं घरात सगळ्यात उशिरा कळतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड, लगेच हसू, हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्याला औषध नको, झोप हवी. दोन आठवडे उलटूनही मन उडालेलंच राहिलं, लेकरू झोपलं तरी डोळा लागत नाही, घास उतरत नाही, "लेकरू माझं वाटतच नाही", "मी नसते तर बरं" असे शब्द निघायला लागले, तर तो आजार आहे. भारतातल्या अभ्यासांच्या २०१७ च्या एका एकत्रित आढाव्यात असं नैराश्य साधारण २२ टक्के मातांमध्ये दिसलं, म्हणजे पाचातल्या एकीला. नखरे, आळस, माहेरी लाडावलेली असली लेबलं लावून ते जात नाही. रक्त कमी असणं आणि बाळंतपणानंतर बिघडलेला थायरॉइड यानंही मरगळ येते, म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी दोन्ही तपासा. औषध लागलं तरी पाजणं बंद करावं लागतं असं नाही. सरट्रालीनसारखी औषधं अंगावर पाजताना देता येतात, मात्र डॉक्टरांनीच.

मुलगी झाली म्हणून घरात पडलेलं तोंड हेही या आजाराचं एक कारण आहे. गोव्यातल्या मातांवरच्या २००२ च्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं होतं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागं ८०७ मुली असलेल्या बीड जिल्ह्यानं तर हे नीट ऐकायला हवं. पाचवीला आलेल्या बायका बाजेपाशी बसून "पुढच्या खेपेला होईल गं" म्हणतात. तेव्हा आईनं किंवा नवऱ्यानं त्यांना तिथंच थांबवावं.

हजारात एक-दोघींना पहिल्या दोन आठवड्यांतच वेगळं काही होतं: दोन-तीन रात्री झोप नाही, असंबद्ध बडबड, कानात आवाज, लेकराबद्दल भलतेच संशय. आपल्याकडं याला बाधा म्हणून देवऋष्याकडं नेतात आणि दिवस हातचे जातात. ही तातडीची वेळ आहे. लेकराला आणि आईला एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायचं. बरी होते ती, पूर्ण बरी होते. कुठं न्यावं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत चालतो, मराठीतून बोलता येतं.

सव्वा महिना संपला की ओटी भरून सासरी पाठवतात, आणि दुसऱ्या दिवसापासून हंडा, सरपण, शेत. ओटीच्या स्नायूंना मात्र अजून काही महिने हवे असतात. त्यांचा व्यायाम बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांतच सुरू करता येतो: वारा रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, तीन सेकंद धरायचे, सोडायचे. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा, पाजतानाच करता येतं. श्वास रोखायचा नाही, आणि लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. तीन महिन्यांनंतरही खोकताना लघवी सुटत असेल किंवा योनीत काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर दाखवा. अंग खाली आलं म्हणजे पिशवी काढायलाच हवी असं नाही. व्यायाम आहे, आत बसवायची रिंग आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण इतकं वाढलं की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामुळं पांढरं जातंय, कंबर दुखतेय एवढ्यावर कुणी शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या बायकांना २६ आठवड्यांची पगारी रजा कुठली! दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात आणि उचल घेतलेली असते. तरीही जमेल तेवढं: तोडणी नवऱ्याकडं, तिच्याकडं पाचट काढणं आणि वाढं बांधणं, आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं पहिले तीन महिने तरी नाहीच. मुकादमाशी हे उचल घेतानाच बोलून घ्या. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड, पुरेशा लोहाच्या गोळ्या आणि आशाताईंचा नंबर बरोबर ठेवा. तिथल्या आरोग्य केंद्रातही ते कार्ड दाखवून लेकराची लस आणि आईची तपासणी होते.

आणि पाळणा लांबवायचं निघण्याआधीच ठरवा. पुढचा गर्भ किमान दोन वर्षांनी राहावा. पाळी आली नाही म्हणजे दिवस जात नाहीत ही समजूत अर्धीच खरी आहे. लेकरू सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं पिणारं आणि पाळी न आलेली, ही तिन्ही एकत्र असली तरच भरवसा. तांबी (कॉपर-टी) बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, ती वेळ गेली तर सहा आठवड्यांनी. पाळणा लांबवायचं अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. छाया गोळी पाजणाऱ्या आईला चालते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाजत असताना पहिले सहा महिने माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी मात्र नको, तिनं दूध कमी होऊ शकतं.