बायकांची पुस्तकं त्या बाजूला

जुलै लागला की आमच्या बेळगावात कपडे वाळत नाहीत. शहापुरातल्या घरी मग सोप्यात दोऱ्या बांधायच्या आणि लोंबत्या परकरांखाली बसून वाचायचं. तशीच बसले होते. हातात कॉलेजपासूनची वही, वाचलेल्या पुस्तकांच्या यादीची. भाची शेजारून डोकावली. "मावशी, विज्ञानकथेत बाई एक पण नाही की गं!"

नव्हतीच. नारळीकर, फोंडके, भाषांतरातले असिमोव्ह. वही मीच भरलेली, तक्रार कुणाकडे करणार? तरी एक आठवलं. गल्लीतल्या वाचनालयात त्या कपाटाकडे वळलं की तिथले काका हमखास सांगायचे, "ते सायन्सचं हाय. बायकांची पुस्तकं त्या बाजूला हैत बघा." मी त्यांचं मन राखायला तिकडचं एक घ्यायची आणि इकडची दोन.

मग हट्टानं शोधू लागले. शुभदा गोगटेंची 'खंडाळ्याच्या घाटासाठी' मी दोनदा वाचलेली. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्यात, हे मला पन्नाशीत कळावं? ज्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून हा प्रकार सुरू झाला असं पुष्कळजण मानतात, ते मेरी शेलीनं लिहायला घेतलं अठराव्या वर्षी. १८१८ साली छापलं, तर वर तिचं नावच नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅलिस शेल्डननं तर मुरंब्याच्या बरणीवरचं नाव उचललं आणि जेम्स टिपट्री ज्युनियर होऊन लिहीत राहिली. हे लिखाण पुरुषाचंच, असं एका नामांकित लेखकानं छातीठोकपणे छापलं. १९७७च्या सुमारास बिंग फुटलं. (मला कुंद्याच्या खोक्यावरचं नाव घ्यावं लागेल.)

पण जीव जडला तो रोकेया हुसेन यांच्या 'सुलतानाज् ड्रीम'वर. १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात आलेली गोष्ट. बंगालमधल्या पडद्यातल्या घरात वाढलेल्या या बाईनं भावंडांच्या मदतीनं बंगाली आणि इंग्रजी शिकून घेतली, आणि ही गोष्ट लिहिली इंग्रजीत. घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी अशा आमच्या गावाला यातली कसरत वेगळी सांगायला नको.

गोष्टीतल्या राज्यात बायका कारभार बघतात, पुरुष मर्दानखान्यात, म्हणजे घरात पडद्याआड. स्वयंपाक उन्हाच्या उष्णतेवर. धूर नाही, कोळसा नाही. खानापूरची माझी आजी ओल्या लाकडांवर फुंकणी मारून डोळे लाल करून घ्यायची, ती आठवली. त्याहून भारी म्हणजे तिथल्या विद्यापीठातल्या बायकांनी आभाळात फुगा सोडून, नळ्या लावून ढगांतलं पाणीच ओढून घेतलंय. पाऊस हवा तेव्हा पाडायचा, नको तेव्हा बंद! मी वर परकरांकडे बघितलं. एक फुगा टिळकवाडीवर, एक शहापुरावर, एवढंच मागणं.

रोकेयाबाईंचे यजमान फिरतीवरून आले आणि त्यांनी ही गोष्ट उभ्यानंच वाचून काढली, 'भयंकर सूड आहे' म्हणाले, असं बाईंनीच लिहून ठेवलंय. आमच्या ह्यांनाही मी छापील पानं दिली. हेही उभ्यानंच वाचू लागले, बसायच्या जागेवर ओल्या चादरी होत्या म्हणून.

"बरंय की," चष्मा काढत म्हणाले. "पण ह्यात चहा कोण करतंय?"

"मर्दानखान्यातले."

थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग चादरी उलटून घातल्या आणि विचारलं, "आलं कुठं ठेवलीस?"