आज नार्सिसला साप बघितले

कॅनडातल्या विनिपेग शहराहून उत्तरेला साधारण १३० किलोमीटर. आईला फोनवर सांगितलं, तर तिने तिथूनच हात जोडले.

मॅनिटोबा प्रांताच्या या भागात जमिनीखाली चुनखडक आहे. पाण्याने झिजून त्यात खोल भेगा पडल्यात. हिवाळ्यात वर उणे तीस असलं तरी त्या भेगा गोठलेल्या थराच्याही खाली जातात, म्हणून हजारो गार्टर साप तिथे एकत्र हिवाळा काढतात. एप्रिलअखेरीस ऊन लागलं की बाहेर येतात. नर आधी वर येऊन वाट बघत थांबतात. मादी दिसली की कितीतरी जण तिला वेढतात आणि एक जिवंत, सरकता गोळाच तयार होतो. मला सगळ्यात जास्त आठवतोय तो आवाज. वाळक्या पानांवरची अखंड सळसळ!

माणसाला यांच्यापासून धोका नाही. यांना मात्र आपल्या रस्त्याचा होता. १७ नंबरच्या हायवेवर दरवर्षी हजारो साप चिरडले जायचे. मग रस्त्याखालून बोगदे काढले, बाजूने कुंपण घातलं, म्हणजे साप आपसूक बोगद्याकडे वळतात. मृत्यू खूप कमी झाले. सापांसाठी एवढा विचार कुणीतरी केला, याने मला खरंच भरून आलं.

परतताना त्या बोगद्याच्या तोंडाशी गाडी थांबवली. एक बारकासा साप आत शिरत होता. शेपटी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.